दुपारचं जेवण: पाटी नाही, तवा बघा

जळगावात स्वस्तात पोटभर जेवायचं तर शेवभाजीशिवाय काही मिळत नाही, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. बाजार समितीच्या आसपास चक्कर मारा. हमाल, शेतकरी, टेम्पोवाले जिथे जेवतात तिथे बसा. भाकरी समोर थापली जात असेल तर निर्धास्त बसा. मात्र एकच्या आत पोचा, नंतर भाजीचा तळ उरतो.

हिवाळ्यात तर भरीत सोडूच नका! बामणोद-आसोद्याकडची ती मोठी हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, ठेचून, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुरकट वास येत नाही, म्हणून आधी विचारून घ्या.

आणि शेवभाजीलाही कमी लेखू नका. रस्सा काळ्या मसाल्याचा हवा आणि जाड तिखट शेव वाढताना टाकलेली हवी. आधीच भिजलेली असेल तर सरळ वरण-भात मागवा.