तळपायावरचा तीळ: सरकारीत दाखवावा की खासगीत?

पूर्वभागकर
आईच्या टाचेजवळ तीळ आहे. तळपायाला तीळ म्हणजे परदेशयोग, असं आजी म्हणायची. आई अजून अक्कलकोटच्या पुढे गेलेली नाही. वर्षभरात तो मसुरीएवढा होता तो हरभऱ्याच्या डाळीएवढा झाला, आणि एका कडेनं ओल्या कागदावर शाई फुटावी तसा पसरला. गल्लीत कुणी कुरूप म्हणालं, कुणी चुना लावायला सांगितलं. मी सरकारी दवाखान्यात नेलं. भूल देऊन कडेच्या थोड्या चांगल्या कातडीसकट तीळ काढला, फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून, कॅन्सर आहे का ते बघायला पॅथॉलॉजीला पाठवला. साधाच निघाला. माझं मत ठाम झालंय: असला तीळ सरकारीतच दाखवावा.

चादरवाला
तुमचं बरं झालं हो, तुम्हाला रजा मिळते. माझी बायको विड्या करते. पानं आदल्या रात्री भिजवलेली असतात, दुसऱ्या दिवशी विड्या कारखान्यात पोचल्या नाहीत तर मजुरी बुडाली. मागं मानेवरच्या गाठीसाठी एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो. एक दिवस केसपेपर आणि तपासणीत, एक रक्ताच्या तपासण्यांत, एक तारीख घेण्यात, चौथ्या दिवशी टाके. चार खाडे! फुकट कसलं ते? खासगीत वीस मिनिटांत तीळ जाळून मोकळे करतात.

पूर्वभागकर
जाळून! अहो, जाळल्यावर पॅथॉलॉजीला काय पाठवणार, राख?

नवी_पेठ
चादरवाल्यांची बाजू घेते. दोष जाळण्याचा आहे, खासगीचा नाही. खासगीतला चांगला त्वचारोगतज्ज्ञही तीळ कापूनच काढतो आणि तपासायला लॅबकडे देतो, फक्त पैसे मोजावे लागतात. मी गालावरचा तीळ लेझरनं घालवला, ब्युटी क्लिनिकात, लग्नाआधी. रिपोर्टचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. वर्षानं त्याच जागी काळं परत उमटलं तेव्हा पाय गळाले. दुसऱ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "आधीचा रिपोर्ट?" काय दाखवणार? सुदैवानं काही निघालं नाही.

एमडी_स्किन
मी त्वचारोग विभागात काम करतो, तुमच्या सोलापुरात नाही. दोन्हीकडून थोडं ताणलं जातंय. मेलानोमा, म्हणजे तिळाचा कॅन्सर, आपल्या लोकांत विरळा. अंगावर पंचवीस तीळ आहेत म्हणून रांगेत उभं राहू नका. पण आपल्याकडे तो होतो तेव्हा बरेचदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली. तिथं लोक कुरूप समजून ब्लेडनं तासत बसतात. बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्यावरचा डाग आधी फुटबॉलची दुखापत वाटला होता. 1977 मध्ये निदान झालं, 1981 मध्ये तो गेला, वय 36.

तीळ वाढतोय का, दोन्ही अर्धे वेगळे दिसतात का, कड फाटलीय का, एकात दोन-तीन रंग आहेत का, 6 मिलिमीटरहून मोठा आहे का, हे बघा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदल. कॅन्सर निघालाच तर तो किती मिलिमीटर खोल गेलाय यावर पुढचं ठरतं. एक मिलिमीटरच्या आत सापडला तर बहुतेक पेशंट वाचतात. जाळलेल्या तिळाची खोली मोजता येत नाही.

चादरवाला
डॉक्टरसाहेब, हे पटलं. पण माझा मुद्दा तिथंच आहे. ओपीडी सकाळची, आणि पोटाचं कामही सकाळचंच.

पूर्वभागकर
संध्याकाळची ओपीडी हवी, यावर माझी सही घ्या. पण खर्चाचं बोलायचं तर आरोग्य खात्याचे दवाखाने 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत आहेत. मेडिकल कॉलेजचा दवाखाना वेगळ्या खात्याचा, तिथं काय पडतं ते केसपेपरच्या खिडकीवर आधी विचारा. कॅन्सर निघाला तर जागा परत रुंद काढावी लागते, जांघेतल्या गाठी बघाव्या लागतात. ते वीस मिनिटांत मोकळे करणारे तेव्हा कुठं असतील? आपल्याला बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल तरी जवळ आहे.

होटगी_रोड
वाचत बसलो होतो. वडिलांच्या हाताच्या अंगठ्याच्या नखात उभी काळी रेघ आहे. मागच्या दिवाळीत दोऱ्याएवढी होती, आता नखाचा पाव भाग काळा झालाय. दार लागलं असेल म्हणतात.

एमडी_स्किन
दार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढं सरकत जातं, रुंद होत नाही. याच आठवड्यात दाखवा. नेलपेंट, मेंदी काही असेल तर काढून न्या.

होटगी_रोड
मेंदी नाही, तंबाखू मळायची सवय आहे. सोमवारी नेतो. केसपेपरची खिडकी किती वाजता उघडते?

चादरवाला
आठच्या आत उभे राहा. आणि वडिलांना बसायला घरून स्टूल न्या.