गोल बाऊल, षटकोनी, बो फ्रंट की सरळ लांब? घरात मासे ठेवायला नेमका कुठला आकार घ्यायचा

फुलेवाडीची_आई:
नमस्कार मंडळी, कोल्हापुरातलं कुणी मासे पाळणारं असेल तर प्लीज सांगा. लेकीच्या सहाव्या वाढदिवसाला तिच्या मामानं काचेचा गोल बाऊल आणि दोन गोल्डफिश आणून दिले. पहिले चार दिवस शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि बाऊलपुढं जाऊन बसायची, जेवण पण तिथंच. पाचव्या दिवशी पाणी दुधासारखं झालं म्हणून मी सगळं पाणी ओतून टाकलं, बाऊल घासून धुतला, नळाचं नवीन पाणी भरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक मासा वर तरंगत होता. पोरगी दिवसभर जेवली नाही ओ. दुसरा आहे अजून, पण सारखा वर येऊन तोंड उघड-मीट करतोय, बघवत नाही.

आता नीट टँक घ्यायचाच असं ठरवलंय पण घरात तीन मतं. दुकानदार म्हणाला षटकोनी उंच घ्या, २४ इंच उंची, जागा कमी लागते, हॉलला शोभा येते. मिस्टरांना कोपऱ्यात बसणारा, पुढची काच बाहेर वळलेला बो फ्रंट आवडलाय. सासूबाई म्हणतात आकार कुठलाही घ्या पण ईशान्येला ठेवा. आमची जागा अशी आहे, तिसरा मजला, हॉलच्या उत्तरेच्या भिंतीला ४० इंच मोकळे, पुढं १६ इंचाच्या वर आलं तर येता-जाता अडतंय, आणि ईशान्य कोपऱ्याला लागूनच पूर्वेची बाल्कनी. आकारानं खरंच काय फरक पडतो का, की नुसतं दिसण्यापुरतं असतंय?

पेठेतला_गप्पीवाला:
ताई आकाराचं नंतर बोलू, आधी जो मासा उरलाय त्याचं बघा. घरात धुण्याचा मोठा पसरट टब असेल, साबण कधी न लागलेला, नाहीतर नवीन घ्या, त्यात बाऊलमधलं आहे ते पाणी आणि बाकीचं अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकलेलं पाणी भरून मासा त्यात सोडा. एक साधा स्पंज फिल्टर आणि हवेचा छोटा पंप लावा. दिसायला टब आहे पण माशासाठी तो त्या बाऊलपेक्षा शंभरपट बरा. आणि परत कधीच सगळं पाणी एका वेळी बदलू नका, पाव ते एक तृतीयांश, बास.

आता का ते सांगतो. माशाच्या कल्ल्यातून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया जातो, तो विषारी. स्पंजवर, वाळूवर, काचेवर हळूहळू बॅक्टेरिया बसतात, ते अमोनियाचं नायट्राईट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, मग ते पाणी बदलून काढता येतं. ही साखळी बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. तुमच्या बाऊलमध्ये फिल्टरच नव्हता, त्यात घासून धुतल्यावर जे काय चार बॅक्टेरिया बसले असतील ते पण गेले, वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. तुम्ही काळजीनंच केलं सगळं, आम्ही पण सुरवातीला हेच केलंय.

आता आकार. पाण्यात ऑक्सिजन शिरतो तो वरच्या उघड्या पृष्ठभागातून. टाकी किती लिटरची हे जेवढं महत्त्वाचं तेवढंच वरून पाणी किती उघडं आहे हे महत्त्वाचं. १२ इंची गोल बाऊल घ्या, तो पोटापर्यंत म्हणजे अर्धाच भरला तर वर ११३ चौरस इंच पाणी उघडं असतं, पण आपण दिसायला छान म्हणून गळ्यापर्यंत भरतो, आणि गळा ६ इंची असला तर उघडं पाणी राहतं फक्त २८ चौरस इंच. पाणी दुप्पट आणि श्वास घ्यायची जागा पाव. मासा वर येऊन तोंड उघडतोय त्यात हे एक कारण आहेच, अमोनियानं कल्ले जळजळतात हे दुसरं.

तेच उंच टँकचं. २४ बाय १२ बाय १२ ची टाकी मनात धरा, साधारण ५६ लिटर. आडवी ठेवली तर वर २८८ चौरस इंच पाणी, तीच उभी केली तर १४४. पाणी तेवढंच, हवा निम्मी! पंप लावला की पाणी ढवळतं आणि फरक भरून निघतो हे खरं, पण लाईट गेली की उभ्या टाकीचं पितळ उघडं पडतं. शिवाय मासा पोहतो आडवा, लिफ्टसारखा वर-खाली नाही. तुमच्या ४० इंचात ३६ बाय १५ बाय १५ ची सरळ टाकी बसते, वर ५४० चौरस इंच, पाणी भरून १२० लिटरच्या आसपास. हेच घ्या.

राजारामपुरी_सातवी:
बो फ्रंटबद्दल माझा अनुभव. पाच वर्षं वापरला. समोरनं बघितलं तर मासा मोठा दिसतो, कडेनं बघितलं की वाकडा आणि लांबडा, पाहुण्यांना मजा वाटते पण रोज बसून बघणाऱ्याला ते खटकत राहतं. शेवाळ काढायचा चुंबकाचा घासणारा असतो ना, तो सपाट काचेसाठी, वळणावर नीट टेकतच नाही, मधे चिमटीत वाळूचा कण अडकला आणि पुढच्या काचेवर लांबलचक ओरखडा. आणि काच तडकली तेव्हा खरं कळलं, सरळ काच शहरात कुठंही कापून मिळते, वळवलेली काच कुणी देईना, अख्खा टँक टाकून द्यावा लागला. मिस्टरांना एवढं एकदा सांगा.

एंजलप्रेमी_हातकणंगले:
वरच्या दादांचं बरोबर आहे पण उंच टँक म्हणजे वाईटच असं सरसकट नका म्हणू. एंजल फिश बघा, ॲमेझॉनकडचा मासा, उभ्या झाडांच्या देठांतनं सरकायला चपटा झालेला, पर धरून वीतभर उंच होतो, त्याला १२ इंच उंचीत ठेवला तर परांची टोकं खाली-वर घासतात. त्याला १८ इंच पाणी लागतंच. पण म्हणून लांबी कमी करायची नाही, लांबी ठेवून उंची वाढवायची. फायटर माशाचं अजून वेगळं, त्याच्या डोक्यात श्वासाचा एक जादाचा अवयव असतो, तो वर येऊन थेट हवा घेतो, तो एकटा १५-२० लिटरच्या चौकोनी क्यूबमध्ये मजेत राहतो. म्हणजे आधी मासा ठरवा मग आकार.

२४ इंच उंच षटकोनी मात्र मी पण नाही सांगणार. तळातली घाण काढायला स्टुलावर चढून खांद्यापर्यंत हात बुडवावा लागतो, बाही भिजते, झाडं मुळासकट वर येतात, लाईट तळापर्यंत पोचत नाही म्हणून खालची पानं कुजतात. दर आठवड्याला हे करायचा कंटाळा येतो आणि माणूस कंटाळला की मासे मरतात.

फुलेवाडीची_आई:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. टब आणलाय, स्पंज फिल्टर चालू आहे, मासा आता खाली पण पोहतोय. दोन शंका. १२० लिटर म्हणजे वजन किती, तिसऱ्या मजल्यावर स्लॅबला काही होणार नाही ना? आणि ईशान्येचं काय करू, सासूबाईंचं मन मोडायचं नाहीये.

साईटवरचा_माणूस:
ताई मी बांधकामातलाच आहे. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, म्हणजे पाणी १२०, काच २०, वाळू-दगड १५, लोखंडी स्टँड २५, झाले १८० किलो. तीन माणसं भिंतीला टेकून उभी आहेत एवढंच. घराचा स्लॅब आपल्याकडे दर चौरस मीटरला २०० किलो वापरातला भार धरून डिझाईन करतात, १० बाय १२ च्या खोलीला तो एकूण २,२०० किलोच्या वर जातो. इमारत धडधाकट असेल तर भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवा, काही होत नाही. खोलीच्या मधोमध नको. आणि हे पण आकाराशीच येतं, उंच टाकी तेवढंच वजन छोट्या पायावर घेऊन उभी असते, त्यात लहान पोरगी धरून लोंबकळली तर काय होईल विचार करा. लांब टाकी हलत नाही.

काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर असतो, टाकी लांब केली म्हणून दाब वाढत नाही, उंच केली की वाढतो आणि काच जाड लागते. १५ इंच उंचीला ६ एमएम चालते, वरच्या कडेला काचेची पट्टी मारून घ्या म्हणजे मधे फुगत नाही. स्टँड उद्यमनगरात वेल्डिंगवाल्याकडनं करून घ्या, एक इंची चौकोनी पाईप, सहा पाय. स्टँडवर प्लायवूड, त्यावर अर्ध्या इंचाचं थर्माकोल, मग टाकी, आणि भरायच्या आधी लेव्हल बाटली लावून बघा. काच तडकायचं कारण बऱ्याचदा हेच, खाली एखादा खडा नाहीतर वेल्डिंगचा टवका राहिलेला असतो.

पेठेतला_गप्पीवाला:
ईशान्येचं सोपं आहे. उत्तरेच्या भिंतीलाच, कोपऱ्यापासून दोन फूट अलीकडं ठेवा, बाजू ईशान्येचीच राहते आणि सासूबाईंचा पण मान राहतो. अगदी कोपऱ्यात नको कारण पूर्वेच्या बाल्कनीतनं सकाळचं ऊन थेट पडणार, आठ दिवसात काच हिरवीगार. पाणी पण तापतं, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० डिग्रीला लिटरमागं ९ मिलिग्रॅम असतो तो ३० डिग्रीला साडेसातवर येतो. आपल्या एप्रिल-मेमध्ये तर जपायलाच लागतंय.

शाहूपुरी_दुसरामजला:
लाईटचा विषय निघालाय म्हणून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं तेव्हा आमच्याकडची लाईट चार दिवस नव्हती. घरात दोन टँक, पाणी जवळपास सारखंच, एक उंच त्यात पाच एंजल, एक तीन फुटी आडवा त्यात मॉली, टेट्रा असे पंधरा-सोळा. पंप बंद. दुसऱ्या रात्रीच एंजल सगळे वर तोंड लावून, मी आणि आई आलटून पालटून मेणबत्तीच्या उजेडात मगानं पाणी घ्यायचं आणि वितीवरनं परत ओतायचं, म्हणजे हवा मिसळती, असं पहाटेपर्यंत. तिसऱ्या दिवशी तीन एंजल गेले. आडव्या टँकला आम्ही हात पण लावला नव्हता फारसा, त्यातला एक पण मासा गेला नाही. तेव्हापासून बॅटरीवरचा छोटा पंप घरात असतोच, तो तुम्ही पण घ्या, आणि लाईट नसताना माशांना खायला घालू नका, एकदोन दिवस उपाशी त्यांना काही होत नाही.

आणि ताई गोल्डफिशबद्दल कुणी बोललं नाही, तो बोटाएवढा राहत नाही बरं का. साधा लांबट असेल तर फूटभरापर्यंत जातो, फुगीर पोटाचा असेल तर वीतभर. घाण पण भरपूर करतो. १२० लिटरात फुगीर जातीचे दोन ठेवा, त्यांच्यात गप्पी टेट्रा नका मिसळू.

फुलेवाडीची_आई:
अपडेट देते. आमचा फुगीर पोटाचाच आहे. ३६ बाय १५ चा वर्तमानपत्राचा तुकडा कापून भिंतीपाशी जमिनीवर पसरला, मिस्टरांनी दार उघड-बंद करून बघितलं, लेक त्यावर आडवी झोपली आणि म्हणाली एवढं मोठं घर एकट्या माशाला? तिथंच बो फ्रंटचा विषय संपला. सासूबाईंनी स्वतः कोपऱ्यापासून दोन फूट मोजून खडूनं खूण केली.

टाकी काल आली. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास येतोय, बनवणारा म्हणाला वास पूर्ण जाईपर्यंत मासा सोडू नका. आत्ता ती बाल्कनीत काठोकाठ भरून ठेवलीय, खाली चारी बाजूंनी कोरडा पेपर घातलाय, कुठं ओला झाला तर गळती कळेल. दोन दिवस बघणार, मग आत घेणार आणि टबमधला स्पंज फिल्टर न धुता तसाच त्यात लावणार. रात्री अकराला लेक उठून टॉर्च घेऊन पेपर बघून आली. कोरडा आहे.