एका बॅटरीवरून 12 व्होल्ट घेऊ नका भाऊ

भाऊ, आर्मीच्या लिलावातून घेतलेल्या स्टॅलियन ट्रकच्या केबिनमधे 12 व्होल्टचा लाइट एकाच बॅटरीवरून घेतला तर चालते का असं विचारलं तुम्ही, तर लाइट लागते पण बॅटऱ्यांची वाट लागते. गाडी 24 व्होल्टची, 12-12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमधे म्हणजे एकीमागं एक जोडलेल्या, मंग एकीवरून करंट काढला का ती कमी चार्ज राह्यते अन् दुसरी ओव्हरचार्ज होऊन पाणी खाते, मी स्वतः असा एक जोड खराब केला. सरळ 24 व्होल्टचा एलईडी घ्या, 10 वॅटचा अर्धा अँपिअरही घेत नाही, फ्यूज 3 अँपिअरचा टाका पण बॅटरीजवळच. निगेटिव्हची वायर वेगळी आणजा, कारण आर्मीचा हिरवा रंग इतका जाड असते का बॉडीवर अर्थिंगच धरत नाही, मी कानशीनं घासलं तेव्हा कुठं चकाकतं लोखंड दिसलं. पत्र्यातून वायर काढली तिथं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी रिंग, पाह्यजेच. अन् एक लाल लाइटही लावा, आमच्या वरूडकडे संत्र्याचं लोडिंग रात्री चालते, पांढऱ्या उजेडातून बाहेर पाह्यलं का काही वेळ रस्ताच दिसत नाही, लालमधे डोळे अंधाराला सरावलेलेच राह्यतात.