भरतीच्या ग्राउंडआधी सिकलसेलची टेस्ट सक्तीची करावी का?

ग्राउंडवाला_आरमोरी
राजेहो, लांब लिहितोय पण पूर्ण वाचा मग बोला. आमच्या भागात गावोगावी पोट्टे भरतीच्या मागं लागलेत, पोलीस, अग्निवीर, एसआरपीएफ, वनरक्षक, जे निघेल ते. पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर धावतात, दिवसा रोवणीला नाहीतर बांधकामावर जातात, संध्याकाळी परत गोळाफेक आणि पुलअप्स. यातल्या किती जणांना आपल्या रक्ताचा पॅटर्न माहीत आहे? गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, सिकलसेल, म्हणजे रक्ताच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकायचा आईबापाकडून येणारा आजार, तो तर आपल्या घराघरात आहे. माझं म्हणणं सरळ आहे, अकॅडमीत किंवा गावच्या ग्राउंडवर नाव लिहायच्या आधी टेस्ट झालीच पाहिजे, सक्तीची, आणि रिपोर्ट कोचला माहीत पाहिजे.

हवेत नाही बोलत. अमेरिकेच्या सैन्यात १९७७ ते १९८१ मध्ये ट्रेनिंगला आलेल्या २० लाख रिक्रूटांचा हिशेब तिथल्या डॉक्टरांनी मांडला, तो १९८७ मध्ये छापून आला. काळ्या वंशाचे जे रिक्रूट नुसते वाहक होते, म्हणजे आपल्याकडं ज्याला एएस पॅटर्न म्हणतात, आजारी नाही, धडधाकट, त्यांच्यात ट्रेनिंगमध्ये कारण न सापडता अचानक मरण्याचं प्रमाण लाखामागं ३२ निघालं. वाहक नसलेल्या काळ्या रिक्रूटांत लाखामागं १ च्या आसपास. जवळजवळ २८ पट!

आणि आपल्याकडं डॉक्टर पोराला कधी बघतो? धावणं झाल्यावर. अग्निवीरच्या रॅलीत आधी १.६ किमी, पाच मिनिटं तीस सेकंदात मारलं तर पूर्ण मार्क, मेडिकल नंतर. पोलीस भरतीतही मेडिकल शेवटी. म्हणजे पोरगं जीव तोडून सगळ्यात जास्त कधी धावते, तर कोणीच तपासलेलं नसताना. हे मला पटत नाही.

सिस्टर_चिमूर
दादा, तळमळ समजते, पण तुम्ही गोष्ट १९८७ वरच सोडली. पुढची पण सांगा ना. त्याच अमेरिकन सैन्यात २०११ ते २०१४ मधल्या ४७,९४४ काळ्या सैनिकांचा अभ्यास झाला, सगळ्यांची टेस्ट झालेली, कोण वाहक कोण नाही हे माहीत. २०१६ मध्ये निकाल आला. वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त नव्हतंच, बरोबरीचं होतं. वाढलेला होता तो स्नायू फुटण्याचा धोका, ज्याला रॅब्डो म्हणतात, तो ५४ टक्क्यांनी जास्त. आणि त्याच अभ्यासात तंबाखूवाल्यांचा धोका पण ५४ टक्क्यांनीच जास्त निघाला. आता तुमच्या ग्राउंडवर खर्रा खाणारे किती आणि वाहक किती ते तुम्हीच मोजा. खर्रा तोंडात ठेवून धावणाऱ्याला कोणी रिपोर्ट मागत नाही.

दोन अभ्यासांच्या मधल्या काळात काय बदललं? पोरांचं रक्त नाही बदललं. ट्रेनिंग बदललं. पाणी, सावली, उन्हाचा अंदाज, हळूहळू वाढवायचा व्यायाम, हे सगळ्यांना सारखं लागू केलं. म्हणून २०१२ मध्ये अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या सोसायटीनं कॉलेजच्या खेळाडूंना सक्तीची टेस्ट नको, काळजी सगळ्यांची घ्या असं स्पष्ट सांगितलं. मी टेस्टच्या विरोधात नाही, रोज तेच काम करते. सक्तीच्या आणि कोचच्या हातात रिपोर्ट देण्याच्या विरोधात आहे.

भाऊ_ब्रम्हपुरीचा
अरे पण टेस्ट करायला काय जाते?? बोटातून एक थेंब रक्त, फुकट होते उपकेंद्रात. हेल्मेट सक्तीचं करतेत ना, मंग हे काहून नाई? मायबापानं कर्ज काढून पोट्ट्याले नागपूरले क्लासले धाडलं, रूम भाडं भरलं, अन पोट्टा धावता धावता पडला तं कोन जबाबदार. ग्राउंडवाल्या भाऊचं बरोबर हाये.

वावरातला_माणूस
टेस्ट करायला काय जाते विचारलं म्हणून सांगतो. आमच्या घरात लग्न मोडलं. मुलगी एएस, काही त्रास नाही, सोयाबीन कापणीला सगळ्यांच्या पुढं असायची. पोराकडच्यांना कुठूनतरी तिच्या सिकलसेलच्या कार्डाचं, म्हणजे ज्यावर पॅटर्न लिहिलेला असते त्याचं, समजलं आणि पोरगी आजारी आहे म्हणून परत गेले. आता पोराची टेस्ट केली असती आणि तो एए, म्हणजे वाहकही नाही असा, निघाला असता तर त्यांच्या एकाही लेकराला सिकलसेलचा आजार झाला नसता. दोघंही एएस असले तरच दर गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची, म्हणजे खऱ्या आजाराची. हे कोणी ऐकून नाही घेतलं. वाहक म्हणजे आजारी असंच गावात समजतात, आणि तुम्ही म्हणता यादी ग्राउंडवर असू द्या.

आणि नोकरीचं पण बोला. अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीत वाहक पोरांना १९८१ पर्यंत घेतच नव्हते. पायलट व्हायचं स्वप्न रक्ताच्या एका रिपोर्टवर संपत होतं, कोर्टात गेल्यावर बंदी उठली. संशोधन चांगल्या मनानं होते पण त्याचा कागद कोणाच्या हातात पडते त्यावर गरिबाचं भविष्य ठरते. आपल्याकडं सिकलसेल जास्त कोणात आहे, आदिवासी, बौद्ध, काही ओबीसी जाती. भरती हीच ज्यांची एक वाट आहे त्यांच्याच वाटेत तुम्ही गेट लावताय.

ग्राउंडवाला_आरमोरी
@सिस्टर_चिमूर ताई, दुसरा अभ्यास मलाही माहीत आहे, पण तुम्ही त्यातून जो अर्थ काढता तोच मला धोक्याचा वाटतो. मृत्यू का नाही वाढला, कारण ते सैन्य आहे. तिथं सार्जंट घड्याळ लावून पाणी पाजते, ऊन चढलं की धावणं बंद करायचा आदेश निघते, ॲम्ब्युलन्स मैदानाच्या कडेला उभी. तो निकाल नियम असलेल्या मैदानाचा आहे. माझ्या गावच्या रस्त्यावर काय आहे? एक पोरगा मोबाईलचं स्टॉपवॉच धरून उभा राहते आणि बाकीचे ओरडतात, थांबू नको थांबू नको. सरकारी दवाखाना दूर, रात्री डॉक्टर असला तर असला. म्हणून मी म्हणतो की आमचं ग्राउंड २०१४ च्या अमेरिकेसारखं नाही, १९७७ च्या अमेरिकेसारखं आहे, आणि तिथले आकडे कोणते होते ते वर लिहिलेच आहेत.

@वावरातला_माणूस भाऊ, तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण लग्न मोडलं ते लोकांच्या अज्ञानानं, टेस्टनं नाही. टेस्ट लपवून अज्ञान जाणार आहे का?

माजी_सैनिक_वर्धा
मी स्वतः ट्रेनिंग सेंटरला राहिलेला माणूस, म्हणून दोन गोष्टी. टेस्टवर भांडायच्या आधी उन्हावर बोला. अमेरिकेच्या मरीन रिक्रूटांना साउथ कॅरोलिनात पॅरिस आयलंडला उन्हाचा फार त्रास व्हायचा, १९५० च्या दशकात त्यांनी त्यावर एक मोजमाप काढलं ते आजही जगभर चालते. तीन थर्मामीटर असतात, एक साधा, एक काळ्या गोळ्यातला, एक ओल्या फडक्यातला. ओल्याला ७० टक्के वजन, काळ्या गोळ्याला २०, साध्याला फक्त १०. म्हणजे आपण मोबाईलवर जे तापमान बघतो त्याला १० टक्केच किंमत! दमटपणा हाच खरा वैरी, कारण घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. हा आकडा ३२.२ च्या वर गेला की काळा झेंडा, सगळ्यांचंच कष्टाचं ट्रेनिंग बंद.

आपले लोक मे महिन्याला घाबरतात, ४६-४७ डिग्री म्हणून, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बिनधास्त धावतात, आभाळ आहे ना म्हणून. झारखंडात ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्येच उत्पाद सिपाही, म्हणजे एक्साइज खात्याच्या शिपाई, भरतीच्या १० किमी धावण्यात दहाच्या वर उमेदवार गेले. तिथं सिकलसेल होतं असं मी म्हणत नाही, म्हणायला आधार नाही. सांगायचं इतकंच की रक्तात काही नसलेला पोरगाही मरतो.

दुसरं, अंगाला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. भरतीची तारीख लागली की आठ दिवसात अंग कमवायला निघणारे पोरं मी बघतो. तिथं टेस्ट काय कामाची?

भाऊ_ब्रम्हपुरीचा
साहेब हे बरोबर. पण सवय झालेला एएस पोट्टा पन पडू शकते का नाई ते सांगा.

सिस्टर_चिमूर
पडू शकतो भाऊ, आणि तो पडतो कसा हे प्रत्येक कोचला माहीत पाहिजे, टेस्ट असो नसो. उष्माघातात पोरगा बरळतो, भान जाते, अंग तापून ४० च्या वर जाते, सहसा बरंच धावल्यावर. वाहकाचं वेगळं असते, जोर लावून स्प्रिंट मारल्या मारल्या, कधी पहिल्या काही मिनिटांतच पाय गळतात. तो बोलत असतो, सर पाय चालत नाहीत म्हणतो. गोळा आल्यासारखा स्नायू कडक होऊन ओरडत नाही, नुसता खाली बसतो, आणि इथंच घात होतो, कारण कोचला वाटते नाटक करते. उठ, अजून एक राउंड. जोर लावल्यावर रक्तातला ऑक्सिजन घटतो, लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, स्नायूला रक्त मिळत नाही, स्नायू फुटतात, त्यातलं पोटॅशियम हृदयावर येते आणि बाकीचा कचरा किडनीत अडकतो. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर एक मिनिट थांबू नका. असा पोरगा बसला की बसू द्या, सावलीत घ्या, शुद्धीत असेल तर पाणी द्या, १०८ ला फोन करा. त्याला परत उभं करणं म्हणजे मारणं.

ग्राउंडवाले दादा, तुमचं १९७७ वालं म्हणणं मला खोडता येत नाही, ते मान्य. पण मग ग्राउंड २०१४ चं करायला लढा ना. एक पाण्याचा ड्रम, एक माणूस ज्याला हे लक्षण कळते, आणि बसलेल्या पोराला शिव्या न देणं. याला सरकारी जीआर लागत नाही. सक्तीच्या टेस्टनं काय होईल सांगू? एएस निघालेल्या पोराला अकॅडमीवाला घेणारच नाही, कटकट नको म्हणून. मग तो एकटा धावेल, पहाटे, कोणी सोबत नसताना.

पुसदकर
मधेच एक. झोपेवर कोणी बोललं नाही. इस्रायलच्या सैन्यात रिक्रूटांच्या नडगीच्या हाडाला तडे जायचे, त्यांनी चालण्याचं अंतर कमी केलं आणि किमान ६ तास झोप सक्तीची केली, तडे जायचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आपले पोरं रात्री बारापर्यंत जीकेची पुस्तकं, साडेचारला उठून डांबरावर. नडगी दुखली की पट्टी बांधून परत धावतात. सक्ती करायचीच तर झोपेची करा.

ग्राउंडवाला_आरमोरी
@सिस्टर_चिमूर ताई, एकटा धावेल हा मुद्दा माझ्या मनाला लागला, त्यावर माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. तरी टेस्ट पाहिजे यावर मी ठाम आहे. एक कारण सांगतो. पोरगा भरती झाला, उद्या पोस्टिंग लेहला लागली. साडेतीन हजार मीटर. उंचीवर हवेत ऑक्सिजन कमी, वाहकाच्या पाणथरीला तिथं इजा होते अशा केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. पोट दुखते म्हणून पोरगा गोळी खाऊन अंगावर काढेल, कारण त्याला स्वतःलाच माहीत नाही की आपण एएस आहोत. माहीत असलं तर डाव्या बरगडीखाली दुखताच डॉक्टरला सांगेल. हे ज्ञान त्याच्या हक्काचं आहे. सरकारनं जुलै २०२३ मध्ये सिकलसेलचं मिशन काढलंच आहे, चाळीशीच्या आतल्या ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत आजार संपवायचा. मग त्याच मशीन आणि त्याच आशाताई ग्राउंडवर आणायला काय हरकत?

वावरातला_माणूस
त्याच्या हक्काचं आहे म्हणता ना, मग त्यालाच द्या. कोचचा हक्क कुठून आला मधात? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा आजार आहे, वाहक नाही. कायदा ज्याला आजारी म्हणत नाही त्याला तुमच्या रजिस्टरमध्ये आजारी लिहायचं?

माजी_सैनिक_वर्धा
कोचला माहीत नसेल तर पोरगा बसला तेव्हा तो ओळखणार कसा, हा प्रश्न पण आहे हो.

सिस्टर_चिमूर
लक्षणावरून, साहेब. कार्ड बघून नाही. बसलेला प्रत्येक पोरगा वाहक आहे असं समजूनच वागायचं, मग चूक होत नाही.

आणि टेस्टचं पण नीट समजून घ्या, उपकेंद्रातली सोल्युबिलिटी, म्हणजे पहिली साधी टेस्ट, पॉझिटिव्ह आली म्हणजे एएस की एसएस ते कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी ही लॅबमधली पुढची टेस्ट लागते, रिपोर्टला वेळ लागतो. मधल्या दिवसांत अर्धवट रिपोर्टवर पोराला ग्राउंडवरून काढून टाकलं तर?

धावणारी_कुरखेडा
सगळे पोट्टे पोट्टे करताय, आम्ही पोरी पण धावतो. मी एएस आहे. पोलीस भरतीची तयारी करते. आधी ज्या अकॅडमीत होते तिथं आधार, जातीचा दाखला, सगळे कागद जमा करताना सिकलसेलचं कार्ड पण मागितलं, आणि नंतर सरांनी नावांची यादी पॅटर्नसहित व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये दोनशे जण. त्या संध्याकाळपासून मला रिलेत कोणी घेईना, आईला गावातून फोन यायला लागले. ती अकॅडमी मी सोडली.

टेस्ट केली याचा मला पस्तावा नाही. मला कळलं म्हणून मी पाण्याची बाटली सोबत ठेवते, ताप असला की धावत नाही, स्प्रिंटच्या मधात पूर्ण दम घेते, लघवीचा रंग बघते. सिस्टर म्हणतात ते पाय गळणं मी एकदा अनुभवलं आहे, सप्टेंबरच्या दमट सकाळी, आणि मैत्रिणीनं मला उठवलं नाही म्हणून मी आज धावते आहे. ती काही शिकलेली नाही सिकलसेलचं, मी तिला आधी सांगून ठेवलं होतं एवढंच.

म्हणून ग्राउंडवाले दादा, टेस्ट ग्राउंडवर आणा, मी स्वतः पोरींना रांगेत उभं करते. पण लिफाफा ज्याचा त्याच्या हातात द्या, आणि कोणाला सांगायचं ते ज्याचं त्याला ठरवू द्या. तुम्ही तुमच्या ग्राउंडवर हे असं करणार असाल तर तारीख सांगा, आमच्या गावातून सहा-सात जणी येऊ.

ग्राउंडवाला_आरमोरी
ताई, लिफाफ्याचं मान्य. पीएचसीच्या मॅडमशी उद्या बोलतो, तारीख इथंच टाकतो. सक्ती हवी की नको यावर मी अजून तुमच्याशी आणि सिस्टरशी भांडणार आहे, ते वेगळं.