पहिलीच गाडी म्हणून १९८५ ची पद्मिनी घ्यावी का?

अजिंक्यतारा_११
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात राहतो, लायसन्स नुकतंच मिळालंय. सांगलीत एक १९८५ ची प्रीमियर पद्मिनी विकायला आहे. पेट्रोल, कॉलम गिअर, नवा रंग. मालक सांगतात की इंजिन दोन वर्षांपूर्वी बोअर केलंय (सिलिंडर आतून नव्याने कोरून घेतलेत). आरसी जुन्या पुस्तकाची आहे. रोज एमआयडीसीपर्यंत जाणं-येणं आणि महिन्यातून दोनदा वाई-पाचगणी एवढंच चालवणं होईल. गाडी मनात भरली आहे. पाहायला जाताना नेमकं काय तपासू? आणि रोजच्याला झेपेल का?

कृष्णाकाठ_१०
दादा, इंजिनाचं शेवटी बघा. १०८९ सीसीचं साधं इंजिन आहे, उद्या गेलं तरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग सगळं होतं. पत्रा कुजला असेल तर मात्र खर्चाला अंत नाही. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा आहे.

नव्या रंगाला भुलू नका. साधा लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि दाराखालची पट्टी यांवरून फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. मग रबर मॅट उचला, फ्लोअर अंगठ्याने दाबा. जॅक लावायची जागा, बॅटरीचा ट्रे, डिकीतला स्टेपनीचा खड्डा आणि पाट्याची (मागच्या चाकांच्या पट्टीच्या स्प्रिंगची) पुढची टोकं जिथे बॉडीला बसतात ती जागा नीट बघा. पाट्याजवळचा पत्रा गेला असेल तर किंमत कितीही उतरवली तरी गाडी सोडा.

आणि गाडी सांगलीची आहे, म्हणून पुराचं विचारा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं. पुरातली गाडी वरून धुऊन चकाचक करता येते, पण गाळ लपत नाही. सीटच्या रुळांचे स्क्रू, हेडलाइटच्या वाटीचा तळ, दाराच्या पॅडची आतली बाजू, डॅशबोर्डमागच्या वायरिंगचे जोड इथे बारीक मऊ माती सापडते. नख फिरवलं तरी कळतं.

मिरज_पाना
वरच्याशी सहमत, पण पत्र्याच्याही आधी कागद. चासी नंबर बॉनेटखाली कोरलेला असतो, तो पुस्तकाशी अक्षरन् अक्षर जुळवा. इंजिन नंबरही जुळवा. पद्मिनीत नंतर डिझेल इंजिन किंवा गॅस किट बसवलेली उदाहरणं पुष्कळ आहेत आणि आरसीवर नोंद नसेल तर तो घोळ तुमच्या गळ्यात पडतो. रंग बदललाय, तोही नोंदलेला हवा.

पुस्तकाच्या आरसीची माहिती ‘वाहन’ या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीत चढली आहे का, ते नंबर टाकून बघा. नसेल तर आधी मालकाने आरटीओत बॅकलॉग नोंद (जुनी माहिती ऑनलाइन चढवणं) करून घ्यावी. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, फॉर्म २५ वर. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या कारला त्याची केंद्राची फी १०,००० रुपये आहे. मुदत टळली असेल तर विलंबाचे महिन्याला ५०० वेगळे, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. म्हणून मुदत कधीपर्यंत आहे ते बघूनच भाव बोला. सांगली एमएच-१०, सातारा एमएच-११, तेव्हा एनओसीचा (ना-हरकत दाखल्याचा) फॉर्म २८ लागतो का ते आरटीओत विचारा, नाव बदलायला २९, ३० लागतील. एचएसआरपी (नवी सुरक्षित नंबरप्लेट) पाटीही हवी.

५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते. तशी गाडी कोणी दाखवली तर ती रोज चालवता येत नाही, हे लक्षात असू द्या.

पसरणी_दुसरा_गिअर
माझं मत थोडं वेगळं. नुकतंच लायसन्स मिळालेल्या माणसाने ही गाडी रोजच्याला घेऊ नये. चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नाही, आणि या काळच्या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच. एका व्हील सिलिंडरचा (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाचा) रबरी कप फाटला की पेडल थेट खाली जातं. पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून आलात तर ड्रम तापून ब्रेक लागेनासा होतो. ब्रेकचं जुनं तेल हवेतली ओल धरतं आणि उकळतं. चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी रचना) नाही, त्यामुळे चढावर गाडी चालू असताना पहिला टाकायची वेळ येऊ देऊ नका, दुसरा वेळेवर घ्या.

घ्यायचीच असेल तर पहिल्या आठवड्यात चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट, रबरी होज पाइप सगळे बदला, ब्रेकचं डॉट-३ तेल नवं भरा, दोन वर्षांनी पुन्हा बदला. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ). किंगपिनला दर दीड-दोन हजार किलोमीटरला ग्रीस हवंच.

जुनीच हवी तर कार्ब्युरेटरची मारुती ८०० बघा. पुढे डिस्क ब्रेक आहेत, पार्ट कुठल्याही तालुक्याला मिळतात.

अजिंक्यतारा_११
आभारी आहे. ब्रेकचा खर्च धरूनच भाव बोलतो. घाट महिनाभर तरी नाही. बोअर खरंच झालंय का, कसं कळेल? आणि आताचं इथेनॉलचं पेट्रोल चालेल?

मिरज_पाना
कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावायला सांगा. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. चार आकड्यांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. आकडा चढला तर रिंग-बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केट बघावं लागेल. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालत राहिलं की हेड आतून खात जातं. कूलंटच घाला.

पेट्रोलचं म्हणाल तर इथेनॉल आपल्याच उसाचं आहे, पण १९८५ च्या रबराला ते मानवत नाही. इंधनाचे पाइप इथेनॉलला टिकणारे घ्या, पंपाचा डायफ्राम नवा टाका. टाकी धुऊन घ्या, नाहीतर सुटलेला गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) बसतो. मिश्रण पातळ होतं म्हणून जेट एक नंबर मोठा लागू शकतो. प्लगचं टोक पांढरं फटक दिसलं तर तेच समजा, फिकट तपकिरी हवं. पीयूसीला सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्क्यांच्या आत असावा लागतो, जेट बदलल्यावर तेही मोजून घ्या.

पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या, ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) गॅप साधारण ०.४ मिमी. डिकीत पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट आणि ॲक्सिलरेटर केबल कायम ठेवा. साताऱ्यात न मिळालेला पार्ट पुण्यात नाना पेठेत शोधा, जुना नग सोबत नेऊन.