देवमासा बघायला कुठून गेलात? बोट कशी निवडलीत?

जास्वंद
काल गराजमधली थंडीच्या कपड्यांची बॅग उपसताना आईची तपकिरी कानटोपी सापडली आणि मी तिथेच बसले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हीच टोपी घालून आई कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या बोटीवर तीन तास कठडा धरून उभी होती. बोट मी आदल्या रात्री ठरवली होती, स्वस्तातली, दुपारी दोनची. वारा उठलेला, लाटा आडव्या, निम्म्या लोकांना बोट लागलेली. नवरा आत डोकं धरून बसला होता. आणि जिने भाऊचा धक्का ते रेवस या लाँचपलीकडे समुद्रप्रवास केला नव्हता, ती आई एकटी बाहेर!
हंपबॅक देवमासा अगदी जवळ वर आला, फुस्सकन श्वास सोडला आणि तो फवारा वाऱ्याने आमच्या तोंडावर. सडक्या सुकटीसारखा वास. आईने टोपीचा बंद सोडला आणि कान उघडे केले. म्हणाली, "श्वास ऐकू दे गं त्याचा." मग शेपूट उभी राहिली, कडांवरून पाणी निथळत होतं, आणि सावकाश खाली गेली.
आई एप्रिलअखेरीला पुन्हा येतेय. ७६ पूर्ण, गुडघा बदललेला. या वेळी बोट नीट निवडायची आहे. कुठे गेलात, काय चुकलं, सगळं लिहा.

अळूवडी
मॉन्टेरेजवळच्या मॉस लँडिंगहून जा!! समुद्राखालची खोल दरी तिथे बंदराच्या तोंडाशीच सुरू होते, त्यामुळे खोल पाणी गाठायला वेळ लागत नाही. बंदरात सी ऑटर (समुद्रातली पाणमांजरं) पाठीवर लोळत असतात ते वेगळंच. आणि सकाळची पहिली फेरी घे, वारा बहुतेक दुपारी उठतो. बाकीचं रात्री लिहिते, कुकर लावलाय.

सांजवात
कानटोपी वाचून गलबललं गं. माझ्या आजीची होती तशी, लोकरीचा गोंडा असलेली. भावाने क्रिकेट खेळताना घालून हरवली, आजी त्याला काही बोलली नाही, पण दुसरी टोपी कधी विणली नाही.
बोट लागणाऱ्यांसाठी: गोळी निघायच्या आधी तासभर. उलट्या सुरू झाल्यावर घेऊन काही होत नाही. पोट अगदी रिकामं नको. मी आलेपाकाच्या वड्या नेते.

नाखवा
वडिलांची मच्छीमारी होती हर्णैला, म्हणून हक्काने सांगतो. मोठी बोट कमी हलते, लहान बोटीतून पाणी जवळ दिसतं. ताईंच्या आईंसाठी मोठीच घ्या. खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा थोडं मागे बसा. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, सगळ्यात जास्त हेलकावे, फोटोसाठी सगळे तिथेच धावतात. नजर क्षितिजावर, मोबाइलवर नको.
गुडघ्याचं महत्त्वाचं: तरंगत्या धक्क्यावर जायचा पूल ओहोटीला एकदम खडा होतो, भरतीला जवळजवळ सपाट. त्या दिवशीची भरती-ओहोटी बघून वेळ निवडा. हे तिकीट विकणारा आपणहून सांगत नाही.

पुरणपोळी७
गुडघा एकच की दोन्ही? सासूबाईंना डॉक्टरांनी सांगितलंय, त्या तयारच होत नाहीत.

जास्वंद
@पुरणपोळी७ डावा. सात महिने झाले, जिने चढते आता. फिजिओ मात्र चुकवू देऊ नका. @नाखवा, पुलाचं डोक्यातच आलं नव्हतं, हात जोडून आभार.

फिरस्ता
आम्ही बॉस्टनवाले. इथे समुद्रात स्टेलवॅगन बँक नावाचा उथळ भाग आहे, देवमासे तिथे येतात, हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. बोटीवरची अभ्यासक मुलगी शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी बघून नावं सांगत होती! तिने सॉल्ट नावाच्या मादीची गोष्ट सांगितली. पाठीवरच्या पराला मीठ शिंपडल्यासारख्या पांढऱ्या खुणा, म्हणून सॉल्ट. सत्तरच्या दशकापासून लोक तिला ओळखतात. पिल्लांची नावं क्रिस्टल, वसाबी, सोया. लेक म्हणाली, आपल्याकडे असती तर सैंधव आणि पादेलोण 😄
तेव्हापासून बोट निवडताना माझा पहिला प्रश्न: माहिती द्यायला जाणकार माणूस आहे का?

घारापुरी
मिरिस्सा, श्रीलंका, फेब्रुवारी. निळा देवमासा दिसला, दोन एसटी एकामागे एक लावल्या तरी कमी पडतील एवढा. पण आठ-दहा बोटी त्याच्यामागे लागल्या, आमचीही. तो वर आला की सगळ्या तिकडे वळायच्या. तिसऱ्यांदा तो लगेच खाली गेला, पुरता श्वासही घेतला नसेल. मला अजून त्याची लाज वाटते. कॅलिफोर्नियात निदान १०० यार्ड दूर राहायचं असतं. "जवळ नेतो" अशी जाहिरात असेल तर ती बोट सोडा.

रत्नांग्री
२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला वाळूत अडकलेलं निळ्या देवमाशाचं पिल्लू आठवतंय का? सगळ्यांनी मिळून पाण्यात ढकललं, ते परत किनाऱ्यावर आलं. वाचलं नाही. चुलतभाऊ होता तिथे, दोन दिवस जेवला नाही धड.

सांजवात
@रत्नांग्री 🙏

मोरपीस
सॅन दिएगोला "नाही दिसला तर पुढची फेरी मोफत" वाचून तिकीट काढलं. डॉल्फिन दिसले, म्हणजे "दिसलं" धरतात म्हणे! मुलं हिरमुसली. अटी आधी वाचा.

अळूवडी
आले. जास्वंद, एप्रिलअखेर म्हणालीस ना, तर एक सांगायचंय. तेव्हा ग्रे व्हेलच्या माद्या मेक्सिकोत जन्मलेली पिल्लं घेऊन अलास्काकडे निघालेल्या असतात. किनारा धरून येतात, पण मॉन्टेरेला ती दरी ओलांडावी लागते आणि ओर्का (शिकारी 'किलर व्हेल') तिथेच टपलेले असतात. आम्ही २०२२ ला बघितलं. पिल्लाला आईने पोटाखाली घेतलं होतं, ओर्का दोघांच्या मध्ये घुसत होते. बोटीवर कोणी बोलेना. मी मान फिरवली. शेवट काय झाला ते मला माहीत नाही, आमची वेळ संपली.
काकूंना हे आधी सांगून ठेव. नको असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर बरा, हंपबॅक असतात आणि नशीब असेल तर निळाही.

जास्वंद
आत्ताच आईशी बोलले, तिकडे सकाळ आहे. सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एप्रिलचंच काढ. दोघं पार झाली तर तेही बघायला कोणी हवं ना." मॉस लँडिंग, सकाळची फेरी, भरती बघून. @सांजवात, आलेपाकाला आलं किसून की वाटून?

सांजवात
वाटून, आणि गाळून. किसाचे धागे दातात अडकतात त्यांच्या.