गावाला आलेला निधी कामागणिक कसा बघायचा? ई-ग्रामस्वराजवर आकडा दिसतो पण पुढचं काहीच कळत नाही

वाडीवरचा

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, गाव माणदेशात. आमच्या वाडीत मागच्या वर्षी बंदिस्त गटाराचं काम झालं, पंधराव्या वित्त आयोगातून, म्हणजे पंचायतींना केंद्राकडून येणाऱ्या निधीतून. ई-ग्रामस्वराजवर, म्हणजे पंचायतींच्या कामांच्या सरकारी पोर्टलवर, बघितलं तर काम पूर्ण दाखवतंय आणि खर्च साडेचार लाखाच्या आसपास. पण गटार मारुतीच्या देवळापाशीच संपलंय, तिथून शाळेपर्यंत सांडपाणी तसंच उघड्यावर वाहतंय, पोरं त्यातूनच जातात. कामाचा बोर्ड लावलाय, त्यावर योजनेचं नाव आहे, सरपंच आणि सगळ्या सदस्यांची नावं आहेत, पण "मंजूर रक्कम" आणि "कामाची लांबी" या दोन ओळींपुढे काहीच लिहिलेलं नाही. ग्रामसेवकांना विचारलं तर म्हणे सगळं ऑनलाइन आहे, तिथे बघा.

दुसरं, नळपाणी योजनेसाठी घरटी लोकवर्गणी घेतली. काहींना पावती मिळाली, काहींना नाही. किती जमली आणि कुठे आहे याचा कागद कुठेच लावलेला नाही. आईने ग्रामसभेत विचारलं तर पुढच्या सभेत सांगतो म्हणाले.

मला कुणावर आरोप करायचा नाहीये, कदाचित अंदाजपत्रकातच गटार देवळापर्यंत असेल. पण तेवढं तरी गावाला कळायला हवं ना. कुठला कागद, कुणाकडे, कसा मागायचा हे ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

सुजाता_लातूर

ई-ग्रामस्वराजवर तुम्ही बघितलं ते बरोबरच आहे, लॉगिन लागत नाही, वर्ष-जिल्हा-तालुका-ग्रामपंचायत निवडली की मंजूर आराखडा आणि जमा-खर्च दिसतो. हे 2020 पासून सुरू झालं आणि त्याआधीच्या मानाने खूपच बरं आहे, नाहीतर गावात वित्त आयोग म्हणजे काय हेच लोकांना माहीत नसायचं. पण त्यात काम म्हणजे एक ओळ असते. "वाडीमध्ये बंदिस्त गटार बांधणे" आणि पुढे रक्कम. कुठून कुठपर्यंत, किती मीटर, पाइप किती इंची, चेंबर किती, हे त्या ओळीत नसतं आणि तुमचा प्रश्न नेमका तिथेच आहे.

माहिती अधिकाराचं कलम 4 लोक विसरतात. 4(1)(ख) नुसार कार्यालयाने अर्ज न मागता स्वतःहून अंदाजपत्रकी तरतूद, केलेला खर्च, अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, त्यात किती रक्कम कुणाला दिली हे सगळं प्रसिद्ध करायचं आहे, आणि ते वेळोवेळी अपडेट पण करायचं आहे. तेव्हा "ऑनलाइन बघा" हे उत्तर तेव्हाच चालेल जेव्हा ऑनलाइन ते खरंच असेल. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी मोबाइलवर कुठे शोधायचं, तोच तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला तर शंभर जण वाचतात.

जुना ग्रामसेवक

बत्तीस वर्षं नोकरी केली, आता रिटायर आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

आधी हे बघा की ते पैसे खरंच ग्रामपंचायतीच्या हिश्श्यातले आहेत का. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी आपल्याकडे 80 टक्के ग्रामपंचायत, 10 टक्के पंचायत समिती आणि 10 टक्के जिल्हा परिषद असा वाटला जातो. म्हणजे तुमच्या वाडीतलं काम पंचायत समितीच्या हिश्श्यातून पण झालेलं असू शकतं आणि ते ग्रामपंचायतीच्या पानावर दिसणारच नाही. त्यातही बंधित आणि अबंधित असे दोन भाग, 60 टक्के बंधित, ते पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे, गटार त्याच्यात बसतं. 40 टक्के अबंधित. याशिवाय पंचवीस-पंधरा (ग्रामविकास विभागाचा 2515 लेखाशीर्षाचा निधी), जनसुविधा, आमदार निधी, खासदार निधी, दलित वस्ती सुधार, या सगळ्यातून गावात गटार आणि रस्ते येतात आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळ्या टेबलावर असतो. सरकार निधी जाहीर करतं तो योजनेप्रमाणे, माणूस राहतो तो गल्लीत. या गल्लीत पाच वर्षांत कुठकुठल्या योजनेतून काय काय झालं असा एक कागद कुठल्याच ऑफिसात मिळत नाही, तो गावानेच जोडून बनवावा लागतो. आणि एकच गटार दोन योजनांत दाखवलेलं असेल तर ते असं जोडल्यावरच सापडतं, एरवी प्रत्येक फाइल आपापल्या जागी अगदी चोख असते.

आता कागद. मागायचे ते हे: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पानं, शेवटचं बिल, आणि काम पूर्णत्वाचा दाखला. यातला जीव मोजमाप पुस्तिकेत आहे, तिला सगळे एमबीच म्हणतात. शाखा अभियंता जागेवर जाऊन लांबी रुंदी खोली लिहितो, गुणाकार करून परिमाण काढतो, खाली सही आणि तारीख. बिल त्याच्यावरच निघतं. तुम्ही टेप घेऊन देवळापर्यंतची लांबी मोजा, चेंबरची झाकणं मोजा आणि एमबीच्या पानाशी लावून बघा. फरक असला तर दिसेल, नसला तर मनातली शंका जाईल.

पण एमबी ग्रामपंचायतीत सापडेलच असं नाही, ती बहुतेक वेळा पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात असते. ग्रामसेवक आमच्याकडे नाही म्हणाला तर तो दर वेळी टाळतोय असं धरू नका. मात्र माहिती दुसरीकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायचा हे कलम 6(3) चं काम त्याचंच आहे, तुम्हाला हेलपाटे मारायला लावायचं नाही. दोन-तीन गावांचा चार्ज असलेल्या माणसाकडून बोर्डावरचे आकडे राहून जातात हे मला माहीत आहे, तरी ते राहू नयेत असंच माझं म्हणणं आहे, रंगाऱ्याला नावं लिहायला वेळ मिळतो तर रक्कम लिहायला पण मिळतो.

सुजाता_लातूर

जुने ग्रामसेवक यांनी फारच उपयोगाचं लिहिलंय. यात भर एवढीच की अर्ज करायच्या आधी एकदा सोमवारी जाऊन बघा. 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हा आणि त्याखालच्या सरकारी कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना फायली बघायला द्यायच्या आहेत. पुणे महापालिकेत हे आधीपासून होतं, तेच पुढे राज्यभर केलं. फाइल समोर उघडून बघितली की नेमकी कुठली पानं हवीत ते कळतं आणि अर्ज चार ओळींत होतो.

वाडीवरचा

खूप खूप आभार. पंचायत समितीच्या हिश्श्याचं तर डोक्यातच नव्हतं. लोकवर्गणीचं कुणी सांगेल का? आणि अजून एक, आमच्याकडे घरकुलाची यादी मागितली होती एकाने, तर नवीन डेटा कायद्यामुळे लाभार्थ्यांची नावं देता येत नाहीत असं सांगितलं. हे खरं आहे का?

दिंडोरीकर

लोकवर्गणीवर मी बोलतो कारण आमच्या गावात यावरून बरंच झालंय. जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे घरोघरी नळाच्या केंद्राच्या योजनेत, गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या 10 टक्के लोकवाटा असतो, डोंगराळ, वनक्षेत्रातल्या आणि जिथे निम्म्याहून जास्त वस्ती अनुसूचित जाती-जमातींची आहे अशा गावांना 5 टक्के, आणि तो रोख, वस्तू किंवा श्रमदानातून पण देता येतो. श्रमदान करता येतं हे आमच्याकडे कुणी सांगितलंच नव्हतं, मजुरी करणाऱ्या बायकांनी उसने काढून पैसे भरले, याचा मला अजून राग आहे. हा पैसा गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे असतो, तेव्हा समितीचं बँक पासबुक, पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती आणि समितीच्या ठरावांची नक्कल मागा. योजना नीट पूर्ण झाली की गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या 10 टक्के रक्कम गावाला देखभालीच्या फिरत्या निधीसाठी परत द्यायची तरतूद मार्गदर्शक सूचनांत आहे, म्हणून तर कुणी किती भरले याची यादी जपणं गरजेचं आहे. लोक सरकारी अनुदानाचा हिशोब मागतात आणि स्वतः दिलेल्या पैशाचा मागायला लाजतात, गावातलाच माणूस आहे कशाला विचारायचं म्हणून. उलट तो आधी मागावा.

आणि यादी भिंतीवर लागली तरी ती वाचून दाखवायला हवी. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 च्या डिसेंबरात कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई घेतली तेव्हा हेच केलं, हजेरीपट आणि बिलं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली आणि ज्यांची नावं त्यात होती तेच लोक उठून बोलले की आम्ही या कामावर गेलोच नव्हतो. माहिती अधिकाराची चळवळ तिथून वर आली. आपल्याकडे अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर राज्याचा कायदा 2002 चा, म्हणजे केंद्राच्या आधीचा, पण जनसुनवाईची सवय आपल्या गावांना लागली नाही. ग्रामसभेत कोरमच पुरा होत नाही, वाचणार कुणापुढे.

अॅडव्होकेट_परभणी

घरकुलाच्या यादीचं सांगतो. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) मध्ये बदल केला, हे खरं आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे बघावं लागायचं, ती अट आता निघून गेली, आणि हा बदल वाईट आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण दोन गोष्टी जागेवर आहेत. कलम 4(1)(ख) मधली अनुदानाच्या योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील प्रसिद्ध करायची तरतूद कुणी काढलेली नाही. आणि कलम 8(2), जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अर्जात ही दोन्ही कलमं लिहा. आधार नंबर, बँक खाते, मोबाइल नंबर मागू नका, ते लोकांचं खाजगी आहे आणि तुम्हाला त्याची गरज पण नाही. नाव, योजना, वर्ष, रक्कम, एवढंच मागा.

बाकी प्रक्रिया: जोडपत्र अ (माहिती अधिकार अर्जाचा नमुना), 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, झेरॉक्स पानाला 2 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज 150 शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय, तेव्हा गटार, लोकवर्गणी आणि घरकुल असे तीन वेगळे अर्ज करा, एकत्र केलेत तर फक्त पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करा म्हणू शकतात. "काम निकृष्ट का झाले" असले प्रश्न घालू नका, कारण विचारलं की उत्तर टाळायला जागा मिळते, कागदाचं नाव घेऊन साक्षांकित प्रत मागा. पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका.

वाडीवरचा

सोमवारी जातोय, टेप घेऊन आधी वाडीत. आईसोबत बचत गटातल्या बायका पण येतायत, लोकवर्गणीच्या अर्जावर त्यांच्यापैकीच एकीची सही राहील कारण पैसे त्यांनी भरलेत. एमबीची पानं मिळाली की इथे लिहितो.

जुना ग्रामसेवक

पानं बघताना मोजमापाची तारीख आणि बिलाची तारीख दोन्ही बघा. बिल आधीचं आणि मोजमाप नंतरचं असेल तर त्याच पानाची प्रत पहिल्यांदा घ्या.